एटेल्काचा डावा डोळा

ब्युनॉस आयर्सहून आलेल्या पाकिटात एटेल्काचा फोटो निघाला. आर्मिन लुस्टिगनं तो तीन दिवस कांद्याच्या वखारीतल्या टेबलावर उभा करून ठेवला आणि चौथ्या दिवशी पालथा घातला.

फोटोत खोट काढायला जागा नव्हती. एटेल्काच्या तेरेझ मावशीनं पंधरा वर्षं तो पेटीत जपून ठेवला होता आणि आता सत्तेचाळीस सालच्या वसंतात, रडतरडत लिहिलेल्या चिठ्ठीसह, समुद्रापार धाडला होता. लग्नाआधी सेगेदच्या स्टुडिओत काढलेला फोटो. मान ताठ, गळ्याशी लेसची कॉलर, गाल सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत, दोन्ही डोळे एकमेकांना शोभतील असे. बघणाऱ्यानं म्हणावं, काय देखणी मुलगी आहे!

आर्मिनची अडचण हीच होती की ही एटेल्का नव्हती.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात हंगेरीतल्या माको या कांद्याच्या गावातल्या ज्यूंना गोळा करून सेगेदच्या वीटभट्टीत नेलं, आणि तिथून सुटलेल्या पहिल्याच गाडीत त्याची बायको एटेल्का होती. ती गाडी ऑश्विट्झला गेली. आर्मिन तेव्हा सक्तीच्या मजुरीवर, सर्बियाच्या खाणीत. परत आला तेव्हा घरात भिंती होत्या. पलंग, भांडी, हंसाच्या पिसांच्या रजया, फोटोंचा अल्बम, दारांच्या मुठीसुद्धा लोकांनी नेल्या होत्या. तरी डोळे मिटले की एटेल्का यायची. चुलीशी पाठमोरी, खिडकीत रजई झटकताना, त्याच्यावर चिडून एका बाजूनं हसताना. एवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढली.

हा फोटो आल्यापासून ती येईना. डोळे मिटले की ही लेसच्या कॉलरवाली येऊन बसायची, गुळगुळीत, मिटल्या ओठांची. खऱ्या चेहऱ्यात काय वेगळं होतं ते आठवायला जावं, तर ते निसटून जायचं. काहीतरी होतं, नक्की होतं. पण काय? तिचे आईबाप गेले, भाऊ गेला, शेजारची पोरं गेली. तिला घरात रोज बघितलेलं असं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि तेच माणूस तिचा चेहरा विसरायला लागलं होतं.

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता: गुटमान, सेगेद. गुटमान परतला नव्हता. पण माकोच्या प्रार्थनाघरात कुणीतरी म्हणालं, "अरे, गुटमानकडं टचिंग करणारी म्हातारी आलीय ना परत. हर्मिना नेनी. तिला विचार." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडं नेनी म्हणतात.

आर्मिननं कांद्याची एक वेणी खांद्यावर टाकली आणि सकाळची गाडी पकडली. मोठा पूल लढाईत पडलेला, म्हणून तात्पुरत्या पुलावरून टिसा नदी ओलांडली. लाकडी फळ्यांखालून गढूळ पाणी वाहताना दिसत होतं. त्यानं फोटो कोटाच्या आतल्या खिशात हातानं दाबून धरला होता. मग त्याच्या मनात आलं, पडला तर काय बिघडेल? आणि आलेल्या विचाराची त्याला लाज वाटली.

हर्मिना ब्लाऊ दुसऱ्या मजल्यावर, अंगणाकडच्या सज्ज्यातल्या शेवटच्या खोलीत राहायची. वय त्रेसष्ट, उंची बेताची, पाठीला उजवीकडं एक कायमचा बाक. पस्तीस वर्षं एकाच खुर्चीत, एकाच कुशीवर झुकून काम केल्यावर येतो तसा. लहानपणी तिचा हात बघून चित्रकलेचे मास्तर म्हणाले होते, हिला बुडापेस्टला शिकायला पाठवा. वडिलांना बुडापेस्ट झेपलं नाही, गुटमानचा स्टुडिओ झेपला. तिथं ती काचेच्या निगेटिव्ह समोर धरून, सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यांवरचं नको ते बुजवायची. देवीचे वण, तीळ, डोळ्याखालची काळी वर्तुळं. सेगेदमधली अर्धी लग्नं हर्मिनाच्या पेन्सिलीनं जमवली असं लोक म्हणायचे. तिचं स्वतःचं कुणी जमवलं नाही. ती आणि तिची बहीण योलान, दोघीच राहायच्या.

तिनं दार उघडलं ते वेणीकडं बघतच.

"माकोचे का हो तुम्ही? चेहऱ्यावरनं नाही म्हणत, वासावरनं म्हणते. या आत. खुर्ची एकच आहे. ती माझी. तुम्ही पलंगावर बसा."

आर्मिन बसला. काय बोलायचं ते गाडीत चारदा घोकलं होतं, पण प्रत्यक्षात त्यानं नुसता फोटो पुढं केला. "ही माझी बायको."

हर्मिनानं भिंग डोळ्याला लावलं. मग एकदम खुदकन हसली.

"अगं बाई! ही तर माझीच करामत."

"नेनी, ही ती नाहीये."

"नाहीच. कशी असेल? एवढी लबाडी मी सेगेदमध्ये दुसऱ्या कुणासाठी केली नव्हती. हिची आई एकटीच आली होती माझ्याकडं. फिशर बाई ना? निळी टोपी, तिच्यावर पक्षी. माझ्या मानेशी उभी राहून सांगत होती, 'हर्मिना, डोळे तेवढे सारखे कर गं. मुलगा माकोचा आहे, कांदेवाला. कांदे निवडतो तसं बारकाईनं बघणार नाही म्हणा, पण कशाला उगाच?'"

आर्मिनचं तोंड उघडंच राहिलं. "डोळे?"

"डावी पापणी. खाली उतरलेली असायची, अर्धवट झोप लागल्यासारखी. मी ती उचलली. काचेवर पापणी उचलणं म्हणजे काय खेळ वाटला? दीड दिवस गेला माझा." तिनं डोळे मिटले. तिचा उजवा हात मांडीवर हलायला लागला. पेन्सिल नव्हती, तरी बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली होती. "नाकाच्या कडेला कांजिण्यांचा खड्डा. मसुराच्या डाळीएवढा. तो बुजवला. ओठाच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या, एकाच बाजूला. ही मुलगी एका बाजूनं हसते, मी तेव्हाच ओळखलं. विसाव्या वर्षी कुणाला सुरकुत्या असतात हो? मी पुसल्या. पुसताना वाईट वाटलं होतं मला."

एकेक खूण ती बोलायची आणि आर्मिनच्या डोक्यात कुणीतरी एकेक पणती लावल्यासारखं व्हायचं. हो, पापणी. हो, तो खड्डा! कणकेचा हात लागून त्यात पीठ बसायचं. दहा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला जे आठवेना, ते या बाईनं एकदाच पाहिलं होतं, तेही काचेवर, पंधरा वर्षांपूर्वी.

"पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा ती म्हणाली होती," त्याला एकदम आठवलं आणि तो हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा, "'फोटोतली हवी असेल तर उशीर झालाय हो, तिचं लग्न झालं. ही शिल्लक आहे, चालेल का बघा.'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, आम्ही माकोची माणसं. फोटो बघून माल घेत नाही."

हर्मिना मांडीवर थाप मारून हसली. मग तिनं डोळे पुसले.

"नेनी, ती काच कुठं असेल? निगेटिव्ह?"

"काचा?" ती म्हणाली. "आमच्यामागं स्टुडिओ फोडला. काचा एका माळ्यानं उचलल्या. गरम पाणी आणि सोडा घालून धुतल्या आणि रोपांच्या घरावर छप्पर केलं. मी बघून आले ना जाऊन. खाली मिरचीची रोपं, आणि वर एका कोपऱ्यात न निघालेली एक लेसची कॉलर. बाकी सगळं स्वच्छ. चांगला माणूस आहे तो. मला बसायला पाटी उलटी करून दिली."

"मग तुम्ही काढा. चित्र."

"मी चित्रकार नाही हो. मी दुरुस्तीवाली."

"मी विसरतोय तिला," आर्मिन म्हणाला. आवाज चढला तसा त्यानं तो खाली आणला. "मी विसरलो तर ती कुठंच राहणार नाही."

हर्मिनानं त्याच्याकडं बघितलं. आयुष्यभर चेहऱ्यात काय पुसायचं ते शोधणारी ती नजर होती. फोटो तिनं त्याच्याच हातात परत दिला.

"हा घेऊन जा. समोर राहिला तर मी याचीच नक्कल करीन. आणि आता ती अशी होती, तशी होती, एक शब्द सांगू नका मला. सांगितलंत की हात तुमचं ऐकायला लागेल. त्याला त्याचं आठवू दे. पुढच्या गुरुवारी या. वेणी राहू दे."

तो आठवडा आर्मिननं वखारीत कांदे निवडत काढला. माणसं त्याला दर विचारत, तो भलताच दर सांगे. पापणी, खड्डा, सुरकुत्या. या तीन गोष्टी तो जपासारख्या मनात घोळवायचा. पण तीन खुणा म्हणजे चेहरा नव्हे. मधली सगळी जागा अजून लेसच्या कॉलरवालीकडंच होती.

गुरुवारी हर्मिनाच्या पलंगावर एक पातळसा, पिवळट कागद पालथा ठेवला होता. हिशेबाच्या वह्यांमध्ये घालतात तसला. दुसरा मिळालाच नव्हता. तिची बोटं शिशानं काळी झाली होती. गालावरही एक फराटा होता, जो तिला ठाऊक नव्हता.

"बसा," ती म्हणाली, आणि कागद उलटून त्याच्यापुढं धरला.

आर्मिननं पाहिलं. सगळं होतं. डाव्या डोळ्यावर उतरलेली पापणी, तिच्या खालून बघणारी बुबुळाची चंद्रकोर. नाकाच्या कडेचा खड्डा. ओठांच्या कोपऱ्यातल्या दोन रेघा. कपाळावर भांगाशी सुटलेले आखूड केस, जे हर्मिनानं बोलून दाखवले नव्हते आणि जे त्यालाही आत्ता बघूनच आठवले. शिशाचा एक ठिपका उगाच पडलेला नव्हता. अशी कारागिरी त्यानं कधी पाहिली नव्हती.

आणि ती एटेल्का नव्हती.

ही एटेल्काची बहीण असावी, जी तिला कधी नव्हतीच. तिच्या सगळ्या खुणा चोरून बसलेली कुणी परकी बाई. चूक चित्रात नाही, त्याच्या मनात आलं. चूक माझ्यात आहे. सगळं जसंच्या तसं समोर आहे आणि मला ओळख पटत नाही. म्हणजे ती खरोखर गेली. आता दुसऱ्यांदा.

"छान आहे," तो म्हणाला. "फार छान आहे, नेनी. उपकार झाले."

"लुस्टिगसाहेब," हर्मिना म्हणाली, "खोटं माझ्यापुढं नका बोलू. पस्तीस वर्षं मी त्याच धंद्यात होते. तुमच्यापेक्षा बरं करत होते."

तेव्हा तो फुटला. टोपी तोंडावर दाबून, खांदे हलवत, मोठ्या माणसानं लपून रडावं तसा रडला. "सगळं आहे. सगळं बरोबर आहे. पण ती नाही. माझ्यातूनच पुसली गेलीय ती."

कागद हर्मिनानं तसाच धरून ठेवला होता. तिचे हात दुखत असणार, पण खाली घेतला नाही. रडणं ओसरल्यावर आर्मिननं पुन्हा एकदा मान वर केली, निरोप घ्यावा तशी, आणि न कळत त्याचा उजवा हात पुढं झाला. अंगठा बाहेर, बाकीची बोटं हनुवटीला धरल्यासारखी. सकाळी वखारीत जाण्याआधी रोज, दहा वर्षं, तो एटेल्काची ती पडलेली पापणी अंगठ्यानं हलकेच वर करायचा आणि म्हणायचा, 'उठलीस का गं पूर्ण?' आणि ती त्याच्या हातावर चापट मारायची. हे तो विसरून गेला होता. हात विसरला नव्हता.

हात कागदापाशी गेला, आणि अंगठा थांबला तो भलत्याच डोळ्यावर. धडधाकट, उघड्या डोळ्यावर. पडलेली पापणी होती पलीकडं, त्याच्या डाव्या हाताला.

अंगठा तिथंच हवेत राहिला. आर्मिनला काही कळेना. हर्मिना मात्र त्या अंगठ्याकडं टक लावून बघत होती.

"अरे देवा," ती पुटपुटली. "अरे माझ्या देवा. काच!"

"काय?"

"अरे बाबा, टचिंग करताना काच फोटोचा मसाला लावलेल्या बाजूनं धरतात! त्या बाजूनं माणूस उलटा दिसतो. डावं डावीकडं, उजवं उजवीकडं, आरशात दिसतं तसं. पस्तीस वर्षं मी सगळं सेगेद उलटंच बघितलंय. माझ्या हाताला सुलटं ठाऊकच नाही! या पोरीलाही मी..." ती उठलीच. पाठीचा बाक विसरून, पलंगावरची वेणी लाथेनं बाजूला सारून ती खिडकीशी गेली. "इकडं ये. ये म्हणते ना! आरसा नाहीये माझ्याकडं, तो पण नेला मेल्यांनी. इथं उभा राहा."

कागदाची चित्राची बाजू तिनं खिडकीच्या काचेला टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. पातळ कागदातून ते आरपार आत आलं, आणि शिशाच्या सगळ्या रेघा उलट्या बाजूनं उजळून उठल्या.

एटेल्का.

आर्मिननं खिडकीची चौकट धरली. तिथं ती होती. उजवीकडच्या डोळ्यावर झोप, आणि अशा बाजूनं हसायच्या बेतात की आता 'काय बघतोयस रे खुळ्यासारखा' असं म्हणणारच. ऊन तिच्यातून येत होतं. मागं अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाची सावली हलली, तेव्हा गाल हलल्यासारखा वाटला. कॉलरवाली कुठं गेली ते कळलंही नाही. तिच्यामागं दडून बसलेलं सगळं एकदम आलं: चुलीशी पाठमोरी, हातात रजई, कपाळावर पीठ, त्याला मजुरीला नेणाऱ्या ट्रकच्या मागं उभी राहून बोटं दाखवून सांगणारी की मोजे पिशवीत तळाशी आहेत.

प्रार्थनाघरात पवित्र ग्रंथाची पेटी उघडताना माणसं उभी राहतात, तसा तो नुसता उभा राहिला. हर्मिनाही मान वळवून बघत होती. ही मुलगी तिनंही आज पहिल्यांदाच सुलटी पाहिली होती.

"हं," ती हळूच म्हणाली. "देखणी होती की. कशाला हात लावला मी?"

हात भरून आले तेव्हा तिनं कागद खाली घेतला. "आता सोपं आहे. काचेवरच धरून मागच्या बाजूनं गिरवते. घटकाभरात सुलटी करून देते तुला." तिनं पेन्सिल घेतली, कागद पुन्हा काचेला लावला आणि मागून गिरवायला सुरुवात केली. केस झाले. कपाळ झालं. पेन्सिल पापणीपाशी आली आणि सावकाश, अगदी प्रेमानं, पापणी वर उचलायला लागली.

"नेनी! नेनी, थांबा!" आर्मिननं तिचं मनगट धरलं.

हर्मिनानं स्वतःच्या हाताकडं असं बघितलं जणू तो शेजारणीचा आहे. "मेला सुधारायला लागला," ती म्हणाली. "काचेवर चेहरा दिसला की याला सवयच ती." पावाचा मऊ गर चिमटीत घेऊन तिनं ती रेघ टिपून काढली. मग गिरवलेले केस, कपाळही टिपून काढलं. "हा असा विश्वास ठेवण्यासारखा नाही हो. उलटंच ने."

"उलटंच नेतो."

कागद गुंडाळताना आर्मिन म्हणाला, "तुमच्या बहिणीचं काढलंत का? योलान नेनींचं?" दोघी बहिणींना एकाच गाडीतून ऑस्ट्रियात मजुरीला नेलं होतं आणि एकटी हर्मिना परतली होती, हे त्याला माकोतच कळलं होतं.

ती बोटांवरचं शिसं पुसत राहिली.

"तिचा फोटो कधी काढलाच नाही. कशाला काढायचा? ती होतीच ना घरात. तिचा चेहरा या हाताखालून गेला नाही." तिनं हात वर करून दाखवला. "याला सगळं गाव येतं. साबणवाल्या क्लाईनच्या पाच मुली येतात. रब्बींच्या बायकोच्या हनुवटीचा केस येतो. एक योलान येत नाही. मी बसते, पेन्सिल धरते, हा ढिम्म हलत नाही."

आर्मिन वाकला आणि त्या काळ्या बोटांवर त्यानं ओठ टेकले. पोरासोरांसारखं करू नकोस म्हणून तिनं त्याला दटावलं, आणि कागद पावसात भिजवलास तर माझ्याकडं येऊ नकोस असंही बजावलं.

त्यानंतर माको, होदमेझोवाशारहेय, कुठून कुठून लोक तिच्याकडं यायला लागले. ती सगळ्यांना एकच सांगे: चित्र उलटंच मिळेल आणि उजेडात धरून बघावं लागेल, चालत असेल तर बसा पलंगावर. मरेपर्यंत तिनं चाळीसेक चेहरे काढले असतील. एकावरही नाव घातलं नाही.

आर्मिनच्या घराला आमच्याकडं सगळ्यांच्याच असतात तशा दुहेरी खिडक्या आहेत, दोन तावदानं आणि मध्ये वीतभर जागा. बायका त्यात हिवाळ्यात कापूस भरतात, मुरांबे ठेवतात. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बाहेरच्या तावदानाला आतून कागद चिकटवला, चित्र रस्त्याकडं करून.

दुसऱ्या दिवशी समोरची बोरिश्का दूध घेऊन आली ती ओरडतच. "अहो लुस्टिग, तुमचं चित्र उलटं लागलंय! बाईंचं तोंड रस्त्याकडं आलंय. आणि काहीतरी चुकलंय बघा त्यात, मला त्या अशा आठवत नाहीत."

"मग आत या," आर्मिन म्हणाला.

बोरिश्का चिखलाचे बूट दारात काढून आत आली. पूर्वेची खिडकी, सूर्य कुंपणाच्या वर नुकताच आलेला. ती खिडकीकडं वळली आणि दुधाची किटली तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"येशू, मारिया," ती म्हणाली, आणि मग एटेल्काकडं बघत, खालच्या आवाजात, "बाई, मी ती रजई परत आणून देते हो. आजच आणून देते."